हृदयामागची गाठ

महेंद्र, तो क्लास बंद कर रं जरा. उद्या परत ऐकता येतंय न्हवं? मग ठिव फोन खिशात. मोटरची लाईट यायला अजून लय येळ हाय. आन सगळी जवळ सरकून बसा, वारं सुटलंय.

ऑनलाइन क्लास काय असतोय मला ठावं हाय बरं का. फौजेतनं आलो म्हंजे मी काय अडाणी न्हाई. त्या क्लासचंच एक सांगतो. आपल्या दादासोची पूजा, तिच्या बाबतीत झालेलं. गावात लोक कायबाय लावून सांगत्यात. मी सांगतो ती पूजानं माझ्या सोप्यात बसून सांगितलेली गोष्ट हाय, आन शेवटचं तर माझ्या डोळ्यानं बघितलेलं.

दादासोचं तुमाला म्हाईतच हाय. गलाईचं, म्हंजे सोनं-चांदी गाळायचं, दुकान तिकडं तमिळनाडूत, सेलमला. वर्षातनं दोनदा गावाकडं, एकदा जत्रंला आन एकदा दिवाळीला. हितं घरात राहीबाई एकटी. पोरगी शिकून डॉक्टर झाली. साताऱ्याला दोन वर्षं नोकरी केली आन मग सांगलीला पुढचं शिकायला गेली. रेडिओलॉजी. म्हंजे एक्स-रे, सीटी असलं फोटो बघून आतलं दुखणं सांगायचं. मला ती एकदा म्हनाली, "काका, फोटो सगळ्यांनाच दिसतो. त्यात काय बघायचं, ते शिकावं लागतं."

ते शिकवायला सांगलीत एक सर व्हतं. डॉक्टर वीरधवल. मूळचा रहिमतपूरचा. सांगलीत त्येचं सोताचं एक्स-रेचं सेंटर, आन रोज रात्री लॅपटॉपवर क्लास. नागपूर, नांदेड, पार बेंगळूरपातूर पोरं त्येच्या क्लासला बसायची. मानूस शिकवायला चांगला व्हता. खोटं कशाला बोलू? पूजा त्येला लय मानायची. देवाच्या फोटोला हात जोडून पोरगी क्लासला बसायची.

सरांनी तिला कामाला बी घेतलं व्हतं. क्लासमध्ये दाखवायच्या फिल्मा असत्यात न्हवं, खऱ्या पेशंटच्या, त्यावरची नावं पुसायचं काम तिच्याकडं. कुनाचं दुखणं कुनाला कळाय नको म्हणून. आन क्लास सुरू झाला की एकेकाला आत घ्यायचं. दाराशी उभं राहिल्यागत नाव दिसतं, बटन दाबलं की मानूस आत.

पूजा सुट्टीला घरी आली की राहीबाई बी तिच्या शेजारी बसायची. हातात वाती वळायच्या आन डोळं स्क्रीनवर. मला म्हनाली व्हती, "भावजी, एक अक्षर कळत न्हाई बगा. पन ह्यो मानूस लय समजुतीनं सांगतोय. असला डॉक्टर पायजे."

मग तिला खोकला लागला.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. कोरडा खोकला, रात्री जास्ती. पूजा तिला सांगलीला घेऊन गेली, दुसरीकडं कुठं न्हाई, सरांच्याच सेंटरला. घरच्या शेंगांची पिशवी घेऊन गेल्या दोघी. एक्स-रे काढताना गळ्यातलं काढायला सांगत्यात. राहीबाईनं सगळं काढलं, पन खरसुंडीच्या सिद्धनाथाचा ताईत काढंना. शेवटी पूजाच म्हनाली, राहू द्या.

सर सोता बाहीर आले. राहीबाईनं इचारलं, "डॉक्टर, काय हाय वं मला?"

"काही नाही मावशी. छाती एकदम स्वच्छ आहे. ॲलर्जीचा खोकला. धुळीत जाऊ नका."

पूजानं बी फिल्म बघितली. पन ती तवा नवीन. आन सरांनी बघितल्यावर आपण काय बघायचं? शेंगा देऊन दोघी माघारी आल्या. येताना राहीबाईनं विट्यात उतरून पेढं घेतलं. आमच्यात आणून दिलं. जीव भांड्यात पडला व्हता बाईचा.

चैत्रात तिच्या थुंकीत रक्त आलं.

मिरजेला सीटी काढली तवा कळलं. फुप्फुसात गाठ. तिथनं काळजाला, हाडाला गेलेली. डॉक्टरांनी हात टेकलं. पूजा सरांच्या म्होरं जाऊन रडली. म्हनाली, "सर, दिवाळीच्या फिल्ममध्ये मला दिसायला पाहिजे होतं." सर म्हनालं, "वेडी आहेस का? तेव्हा तिथं काहीच नव्हतं. ही गाठ फार वेगानं वाढणारी. तुझी चूक नाही. ती फिल्म दे माझ्याकडं, मी पुन्हा एकदा नीट बघतो."

तिनं फिल्म नेऊन दिली. ती काय परत आली न्हाई. इचारलं की सर म्हनायचं, शोधतोय, सेंटर हलवलं त्यात कुठं गेली कळत न्हाई.

ज्येष्ठात राहीबाई गेली. शुद्धीत व्हती शेवटपातूर. पूजाला म्हनाली, "तुज्या सरांनी बघितलं व्हतं गं, तवा कायच न्हवतं." पोरीला दोष लागू नये म्हणून म्हनाली असंल. न्हायतर तिचा खरंच इस्वास व्हता.

आता ती रात्र सांगतो.

गेल्या वर्षीची मार्गशीर्षातली अमावस्या. शुक्रवार व्हता. शनवारी सकाळी दादासोच्या घरात लाईटीचं नवीन मीटर बसवायला मानूस येनार व्हता. घर बंद, किल्ली माझ्याकडं. दादासोनं पोरीला फोन केला, एक रात्र जाऊन ये, मीटर बसलं की परत जा. साधं काम. पूजा संध्याकाळच्या गाडीनं आली. आमच्यात दोन घास खाल्लं. माझी बायको बनुबाई म्हनाली, "आवसंचं एकटी कशाला झोपतीस तिकडं? हितंच पड." पूजा म्हनाली, "काकू, क्लास हाय. मलाच सगळ्यांना आत घ्यायचं असतं. क्लास झाला की येते झोपायला."

किल्ली घेऊन गेली. आमच्या अंगनातनं त्यांचा सोपा दिसतोय. दिवा लागल्याला बघितला मी.

सोप्यात टेबलावर लॅपटॉप मांडून ती बसली. नेट फोनवरनं घेतलेलं. मागं माजघराचं दार. ते तिनं लोटून घेतलं व्हतं.

नऊचा सुमार. पोरं यायला लागली. नाव दिसलं की बटन, नाव दिसलं की बटन. सर आले. "पूजा, सगळे आले का?" "हो सर." क्लास सुरू झाला.

जरा येळानं आनखी एक नाव आलं.

राहीबाई दादासो.

पोरगी भ्याली न्हाई. का सांगतो. आईला तिनं एक टॅबलेट घेऊन दिला व्हता, तिकडं दादासोशी तोंड बघून बोलायला. त्येला नाव राहीबाईचं. ती गेल्यावर दादासो आपल्या फोनवरनं त्याच नावानं आत जाऊन तिचं जुनं फोटो बघत बसायचा. पूजाला वाटलं, बापाचा हात चुकून लागला असंल. आवसंची रात, आठवन आली असंल बायकोची. म्हनाली, येऊ दे, बसू दे माझ्या क्लासला.

तिनं बटन दाबलं.

काळा चौकोन. वर आईचं नाव. बस.

सर छातीच्या फिल्मा शिकवत व्हतं. थोडं झालं आन कुनीतरी खोकललं.

"माइक बंद ठेवा," सर म्हनालं.

परत खोकला. कोरडा. दोनदा खोकायचं, थांबायचं, मग एकदा. पूजानं तो खोकला आठ म्हैनं ऐकलेला. तिनं त्या काळ्या चौकोनाचा माइक बंद केला. खूण बी आली बंद झाल्याची.

तरी खोकला आला.

आन मग तिच्या ध्यानात आलं. नेटवर आवाज जरा मागनं येतोय, तुमाला ठावं हाय. तिकडं मानूस बोललं की हितं पोचायला पळभर लागतंय. तर तो खोकला लॅपटॉपात येत व्हता... पन त्येच्या आधी... पळभर आधी... तिच्या मागनं येत व्हता.

माजघरातनं.

आधी माजघरात. मग लॅपटॉपात.

आधी माजघरात. मग लॅपटॉपात.

पोरगी हालली न्हाई. मान वळवायची हिंमत झाली न्हाई तिची. मला म्हनाली, "काका, ओरडायचं व्हतं, पन क्लास सुरू व्हता." बघा मानसाचं कसं असतंय.

तेवढ्यात स्क्रीनवरची फिल्म बदलली. सर बोलता बोलता थांबलं. त्यांनी ती लावली न्हवती. पुढं ढकलायला बघितलं, जाईना. मागं घ्यायला बघितलं, जाईना. छातीची फिल्म. नावाच्या जागी काळी पट्टी.

नावं पुसायचं काम पूजाचं. ही पट्टी तिनं लावलेली न्हवती.

फिल्ममध्ये गळ्याखाली एक बारकी पांढरी नळी. ताईताची. आन डाव्या खांद्याजवळचं हाड वाकडं जुळलेलं. राहीबाई लहानपनी चिंचंवरनं पडलेली. माळव्याचं ओझं आयुष्यभर उजव्याच खांद्यावर घ्यायची ती.

पूजा बघत राहिली.

क्लासमधली एक नागपूरची पोरगी मोकळेपनी बोलली. तिला काय ठावं बिचारीला? "सर, हा केस तर झालाय. जानेवारीच्या बॅचला घेतला होता तुम्ही. एक्स-रेत नजरेतून सुटून जाणाऱ्या जागा. हृदयामागची गाठ."

दुसरा एक म्हनाला, "हो सर. तुम्ही म्हणाला होतात, रिपोर्ट नॉर्मल गेला होता. इथं कायम दोनदा बघायचं."

जानेवारी.

कळतंय का तुमाला? जानेवारीत राहीबाई जिवंत व्हती रं. हितं अंगनात बसून शेंगा फोडत व्हती. सरांना तवा गाठ दिसलेली. दिवाळीला नजर चुकली असंल, मानूस चुकतोय, त्येचं काय न्हाई. पन मागनं दिसली तवा एक फोन करायचा व्हता. एक. पोरगी रोज म्होरं बसत व्हती. रोज "हो सर, हो सर" करत व्हती. त्येनं फोन केला न्हाई. सही केलेला रिपोर्ट चुकला म्हनावं लागलं असतं न्हवं. त्येनं सेंटरच्या कॉम्प्युटरातली तिची फिल्म काढली, नावावर पट्टी लावली, आन शे-दोनशे पोरांना तिच्या छातीतली गाठ दाखवली. नागपूरला ठावं, नांदेडला ठावं, बेंगळूरला ठावं. जिच्या छातीत व्हती तिला तेवढं ठावं न्हाई.

आन त्या बॅचला पूजाला घेतलं न्हवतं. म्हनाला व्हता, तू अभ्यास कर, म्हैनाभर काम मी बघतो.

मी दुश्मन बघितल्यात. समोरनं येत्यात. ह्येला काय म्हनायचं?

पूजानं माइक सुरू केला. "सर. ही फिल्म कोणाची?"

सरांनी परत फिल्म पुढं ढकलायला बघितलं.

"सर."

"पूजा... आपण नंतर बोलू."

"कधी दिसलं तुम्हाला?"

आन तवाच घरातली लाईट गेली.

नुसती त्याच घरातली. माझ्यात व्हती. गल्लीत व्हती.

लॅपटॉप बॅटरीवर. नेट फोनवर. त्यामुळं क्लास चालूच राहिला. अंधारात फक्त तो उजेड. खोकला थांबलेला.

मग माजघरातनं आवाज आला. हळू. लाजल्यागत.

"डॉक्टर..."

पळभरानं लॅपटॉपात. "डॉक्टर..."

"काय हाय वं मला?"

पोरांना ते ऐकू गेलं न्हाई. मी नंतर इचारून घेतलं, कुनालाच न्हाई. त्यांना दिसलं ते एवढंच, सरांचं तोंड पांढरं पडलं. ते त्या चौकोनांकडं बघतायत. ओठ हालतोय. आवाज न्हाई.

परत आलं. तसंच. राग न्हाई, काय न्हाई. पेशंट इचारतो तसं.

"डॉक्टर... काय हाय वं मला?"

सर रडाय लागलं. शे-दोनशे पोरांच्या म्होरं. मग बोललं. "मावशी... गाठ आहे."

सर डोळं पुसत व्हतं.

"हृदयाच्या मागं. मला... मला पहिल्यांदा दिसली नाही."

"नंतर दिसली. जानेवारीत."

माजघरात कायतरी हाललं. बांगड्यांचा आवाज झाला. बारीक.

"सांगायला पाहिजे होतं... मी सांगायला पाहिजे होतं, मावशी."

मग... पूजा म्हनाली, लांब श्वास सोडल्याचा आवाज आला. मानूस ओझं खाली ठिवतंय तसा. तो बी आधी मागं आला. मग लॅपटॉपात आला.

काळा चौकोन गेला. नाव गेलं.

किती येळ बसली तशीच, पोरीला ठावं न्हाई. अंधारात. लाईट आली तवा क्लास केव्हाच बंद झाल्याला. तशी पळत सुटली ती आमच्याकडं, अनवाणी.

आता पुढचं आधी सांगून टाकतो. त्या पोरांतल्या एकानं क्लास उतरवून घेतला व्हता. त्यात सरांचं बोलनं सगळं हाय, पन कुनाशी बोलतोय ते ऐकू येत न्हाई. पूजानं तक्रार केली. चौकशी चालू हाय. दादासोला सेलमला फोनवर सांगितलं तवा तो म्हनाला, "आपल्या शेंगा खाल्ल्या असतील का गं त्येनं?" एवढंच. सरांचं सेंटर बंद हाय. रहिमतपूरला असतोय म्हनं, कुनाशी बोलत न्हाई. पूजाला दोनदा फोन आला त्येचा. तिनं उचलला न्हाई. पूजा शिकतीया अजून, दुसऱ्यांच्या हाताखाली. पन आता कुनाची बी फिल्म असू दे, कुनी बी बघितलेली असू दे, ही परत बघती. पेशंटला सोता जाऊन सांगती. काय असंल ते तोंडावर. एकदा मला म्हनाली, "काका, आई मेली त्याचं दुःख वेगळं. ती त्याला चांगला म्हणत मेली, हे मला सोसत न्हाई."

घर मी बघून आलो व्हतो त्याच रात्री, बॅटरी घेऊन. माजघरात कोन न्हाई. मागलं दार आतनं कडी लावलेलं. टॅबलेट कपाटात, वाकळंच्या घडीत. थंडगार. बॅटरी उतरलेली. दादासोला फोन लावून इचारलं, तो तर आठलाच झोपलेला.

हे सगळं एकीकडं ठिवा. कुनी म्हनंल, पोरीच्या डोक्यावर ताण व्हता, कानात आवाज झालं. सरांचं म्हनाल तर त्येचं मन त्येला खात व्हतं. मी बी तसं म्हनलो असतो. फौजेत असताना लय ऐकल्यात असल्या गोष्टी, एक बी खरी मानली न्हाई.

पन ती पळत आली तवा दार बनुबाईनं उघडलं. बनुबाईनं तिला दिव्याखाली बसवली, पानी दिलं आन पाठीवरनं हात फिरवाय लागली. फिरवता फिरवता हात थांबला तिचा.

म्हनाली, "पूजा... येनी कवा घातलीस गं?"

पूजानं मागं हात नेला.

किल्ली घेऊन गेली तवा आमच्यातच नुकतीच न्हायलेली, केस मोकळे, ओले. आवसंचं मोकळं केस सोडून हिंडती म्हणून बनुबाई रागावली व्हती तिला. मी तिथंच व्हतो. आन आता घट्ट येनी. शाळंला जानाऱ्या पोरीची असती तशी, चापूनचोपून. तेल एवढं चोपडलेलं की मानेवरनं खाली ओघळत व्हतं.

पोरगी म्हनाली, "काकू, मी न्हाई घातली."

येनीच्या टोकाला चिंधी बांधलेली. बनुबाईनं सोडून दिव्याजवळ धरली. हिरवी. पिवळ्या जरीचा काठ.

बनुबाई खालीच बसली.

राहीबाई सवाष्ण गेली. त्याच जरीकाठाचं हिरवं लुगडं नेसवून नेली तिला. नेसवलं बनुबाईनंच. खांदा मी दिलेला. अग्नी दिला तवा ते लुगडं तिच्या अंगावर व्हतं, सगळ्या गावानं बघितलंय.

चिंधी आमच्यात हाय. बनुबाईनं देवळीत ठिवलीया. मी दिवसा उजेडी बघितली उलटून पालटून. एका बाजूनं काठ फाडलेला हाय, दातानं फाडल्यागत. जळाल्याचा डाग कुठं न्हाई.